अंगणातील कोंबडी, वाडीची जबाबदारी

मालवण किनाऱ्यावरील कोणत्याही वाडीत भल्या पहाटे पाऊल टाकले, तर एक दृश्य हमखास दिसते. माडांच्या झावळ्यांमधून उजाडू लागलेले असते. गृहिणी खुराड्याची फळी सरकवते आणि पाच-सात कोंबड्या, एखादा तुरेबाज कोंबडा व पिलांचा थवा अंगणात उतरतो. मूठभर कण्या फेकल्या जातात. त्या टिपून झाल्या की हे कुटुंब आपापल्या उद्योगाला लागते. कोणी माडाच्या आळ्यात उकरते, कोणी गोठ्यामागील शेणखताच्या ढिगावर चढते, तर कोणी कुंपणाकडेच्या पातेऱ्यात किडामुंगी शोधते. दिवेलागणीला सारी मंडळी न बोलावता घरी परततात.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या व्यवसायाची कोणी वही ठेवीत नाही. त्यामुळे शेतीच्या हिशेबात त्याला फारसे स्थान मिळत नाही. घरखर्चात मात्र त्याचे मोल मोठे आहे. अंगणातील कोंबड्या बहुधा घरातील स्त्रीच्या मानल्या जातात. मुलाच्या वह्या-पुस्तकांसाठी, औषधपाण्यासाठी किंवा एस.टी.च्या भाड्यासाठी हात पसरण्याची वेळ येऊ नये, एवढी सोय एखादा कोंबडा बाजारात विकून होते. राखणदाराला द्यावयाचा कोंबडा, शिमग्याला किंवा मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी व्हावयाचे कोंबडी-वडे आणि बाळंतिणीच्या घरची अंडी, हे सारे याच खुराड्यातून पुरविले जाते.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तारकर्ली, देवबाग आणि मालवण येथे येणारा पाहुणा आवर्जून गावठी कोंबडी मागतो व तिच्यासाठी ब्रॉयलरपेक्षा अधिक दाम मोजतो. मागणी दारापर्यंत आली असताना अंगणातील कोंबड्यांची संख्या वाढत का नाही, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. खाद्य महाग झाले, जात सुधारलेली नाही, ही उत्तरे नेहमी ऐकू येतात. ती खोटी नाहीत. परंतु नुकसानीचे मोठे कारण त्याहून साधे आहे. अंगणातील कोंबडी पुरेशी अंडी देण्यापूर्वीच, आणि पुष्कळदा बाजारात जाण्यापूर्वीच, मरते.

हिशेब कोठे चुकतो

देशी कोंबडी वर्षाकाठी साधारणपणे पन्नास ते साठ अंडी देते. दहा-पंधरा अंड्यांचा एक हप्ता झाला की ती खुडूक होते आणि तिला रवणीवर बसविले जाते. एकवीस दिवसांनी पिले बाहेर येतात. दहा-बारा अंड्यांमागे आठ-नऊ पिले निघाली, तर गृहिणी समाधान मानते. येथपर्यंत निसर्गाचे काम चोख असते. पुढील दोन महिन्यांत मात्र घार, कावळा, मुंगूस, साप आणि पावसाची सर हे आपापला वाटा उचलतात. आठ पिलांपैकी तीन-चार वाढली तरी पुष्कळ, असे मानण्याची आपल्याला सवयच झाली आहे. इतके सोसून वाढलेली तलंग अंड्यावर येते न येते, तोच एखाद्या वर्षी रोगाची साथ येते आणि चार दिवसांत सारे खुराडे ओस पडते.

मुंगसाने नेलेले पिलू डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची चर्चा होते. साथीचा रोग दैवावर सोपविला जातो. वास्तविक या दोन्ही हानींवर उपाय आहेत. त्यांपैकी पहिला प्रत्येक घराने करावयाचा आहे, तर दुसरा एकट्या घराला करता येत नाही. नेमक्या याच मुद्द्याकडे पंचायत सदस्य व शिक्षक यांचे लक्ष वेधणे हा या लेखाचा हेतू आहे.

मानमोडी

खेड्यापाड्यांत ‘मानमोडी’ या नावाने ओळखला जाणारा रोग म्हणजे राणीखेत रोग. १९२६ च्या सुमारास जावा बेटात आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो प्रथम ओळखला गेला. त्यानंतर थोड्याच काळात हिमालयाच्या पायथ्याच्या कुमाऊं भागातील राणीखेत येथे तो आढळला आणि आपल्याकडे तेच नाव रूढ झाले. या रोगाचे कारण विषाणू आहे. आजारी पक्ष्याची विष्ठा व नाकातोंडातील स्राव, दूषित पाणी आणि खाद्य, तसेच माणसाच्या पायांना व टोपल्यांना लागलेली घाण यांतून तो पसरतो.

रोग झालेली कोंबडी पंख पाडून गप्प बसते, चोच उघडून धापा टाकते आणि हिरवट पातळ हगवण करते. जी त्यातून काही दिवस तगते तिची मान वळते, पाय व पंख लुळे पडतात. लस न टोचलेल्या कळपात जहाल स्वरूपाचा रोग शिरला, तर बहुतेक सर्व पक्षी दगावतात. रोग झाल्यावर त्यावर औषध नाही. हळद, लसूण किंवा माणसाच्या गोळ्या देण्यात पैसा व वेळ दोन्ही वाया जातात.

प्रतिबंधाचा उपाय मात्र जुना आणि भरवशाचा आहे. कुमाऊंमधीलच मुक्तेश्वर येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत चाळीसच्या दशकात या रोगाच्या लसीवर काम झाले आणि त्यातून ‘आर-टू-बी’ ही लस हाती आली. लहान पिलांसाठी ‘लासोटा’ ही सौम्य लस वापरतात. महाराष्ट्रात पुण्यातील औंध येथे पशुवैद्यकीय जैव पदार्थांची निर्मिती करणारी शासकीय संस्था आहे. लसीची किंमत दर पक्ष्यामागे अगदी अल्प पडते. असे असूनही अंगणातील बहुसंख्य कोंबड्यांना लस का मिळत नाही?

शंभर मात्रांची कुपी

याचे उत्तर लसीच्या कुपीत आहे. ही लस भुकटीच्या रूपात बंद कुपीत येते व सर्वसाधारणपणे लहानात लहान कुपी शंभर मात्रांची असते. कुपी फोडून भुकटी द्रावणात मिसळली, की दोन तासांच्या आत ती संपवावी लागते. उरलेली लस दुसऱ्या दिवशी उपयोगाची नसते. शिवाय कारखान्यापासून कोंबडीच्या डोळ्यापर्यंत ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात थंड ठेवावी लागते. मोठ्या कुक्कुटपालकाला यात अडचण नाही, कारण त्याचे पक्षी हजारांनी मोजले जातात. ज्या गृहिणीकडे बारा कोंबड्या आहेत, तिने मात्र शंभर मात्रांची कुपी आणून अठ्ठ्याऐंशी मात्रा ओतून द्यावयाच्या काय? पशुवैद्यकीय दवाखान्यातील कर्मचाऱ्यानेही एका घरासाठी कुपी फोडणे परवडणारे नसते. दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त असते आणि कोंबड्या मात्र लसीविना राहतात.

बारा कोंबड्यांचे घर एकटे असेल तर लस महाग आहे. अशी आठ घरे एकत्र आली, तर शंभरातील चार मात्रा सोडून काहीच वाया जात नाही. कोकणातील वाडीची रचना या कामाला अनुकूल आहे. एका वाडीत वीस-पंचवीस घरे असतात आणि ती तासाभरात पायी फिरून होतात. म्हणून लसीकरणाचे एकक घर न धरता वाडी धरावे, हे या विषयातील मर्म होय.

एकत्र येण्याचे दुसरेही कारण आहे. कोंबडीला गडगा आणि कुंपण समजत नाही. एका घराने लस टोचून घेतली आणि शेजारच्या पाच घरांनी घेतली नाही, तर रोगाचे बीज वाडीत फिरतच राहते. एक घर वगळले म्हणजे वाडीची एक बाजू उघडी राहिली, असे समजावे.

लसीकरणाचा दिवस

लसीकरणाचा क्रम थोडक्यात असा आहे. पिलू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत सोडावा. चार-पाच आठवड्यांनी तीच लस पुन्हा द्यावी. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस पंखाखाली त्वचेत टोचावी. ती अधिक काळ टिकणारे संरक्षण देते. परंतु जहाल असल्यामुळे लहान पिलांना कधीही देऊ नये. सहा-सात आठवड्यांच्या सुमारास देवी रोगाची लस पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. आजारी पक्ष्याला लस देऊ नये. कोणत्या भागात कोणता क्रम ठेवावा, याबाबत पंचायत समितीचे पशुधन विकास अधिकारी सल्ला देतात व तोच अंतिम मानावा.

अंगणात मात्र सगळी पिले एकाच वयाची नसतात. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी वाडीचा एक दिवस ठरवून त्या दिवशी वयानुसार योग्य ती लस द्यावी, हे सोयीचे पडते. वेळ पहाटेची असावी. कोंबड्या मोकळ्या सुटल्यावर त्यांच्यामागे धावण्यात लसीचे दोन तास निघून जातात. आदल्या रात्री सर्वांनी खुराडी बंद ठेवावीत आणि कुपी फोडण्यापूर्वी प्रत्येक घरातील पक्ष्यांची संख्या लिहिलेली असावी. लस आणण्यासाठी थर्मासमध्ये बर्फ हवा. मासळी टिकविण्यासाठी बर्फ वापरणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर त्याची वाण नाही. बांगडा व सुरमई जपणारा बर्फ वाडीच्या कोंबड्याही जपू शकतो.

रोग आलाच तर काय करू नये, हेही सांगणे जरुरीचे आहे. मर सुरू होताच उरलेल्या कोंबड्या घाईघाईने आठवड्याच्या बाजारात नेण्याची प्रथा आहे. त्यामुळे एका वाडीचा रोग दहा वाड्यांत जातो. मेलेले पक्षी व्हाळात टाकू नयेत. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत. बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवावा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. अचानक अनेक कोंबड्या मेल्या, तर तो मानमोडी आहे की बर्ड फ्लू, हे नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही. म्हणून उघड्या हातांनी पक्षी न हाताळता दवाखान्याला तत्काळ कळवावे.

पिलांचे पहिले सहा आठवडे

साथीनंतरचा दुसरा तोटा म्हणजे पिलांचे मरण. हा घरच्या घरी आटोक्यात आणता येतो. पिलाला पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. ती आईच्या पंखाखाली मिळते. पण आई पिलांना घेऊन ओल्या गवतातून फिरू लागली की पिले गारठतात. म्हणून पहिले तीन-चार आठवडे कोंबडी व पिले मोठ्या डालग्याखाली किंवा बांबूच्या पिंजऱ्यात कोरड्या पडवीत ठेवावीत. खाली भाताचे तूस अंथरावे व ते ओले होताच बदलावे. शक्य असल्यास भर पावसाळ्यात रवण बसवू नये.

रात्रीचे खुराडे जमिनीपासून दीड-दोन हात उंच असावे, तळाला फटी ठेवाव्यात म्हणजे विष्ठा खाली पडेल. एका मोठ्या पक्ष्याला किमान एक चौरस फूट जागा द्यावी. जाळीचे छिद्र मुंगसाचे डोके जाणार नाही इतके लहान असावे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात हवा खेळती ठेवणे हे छप्पर घट्ट करण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

किनाऱ्यावरचे खाद्य

अंगणातील कोंबडी आपले निम्म्याहून अधिक अन्न स्वतः मिळविते. आपण द्यावयाचे ते पूरक खाद्य होय. मोठ्या पक्ष्याला दररोज तीस-चाळीस ग्रॅम पुरे आणि ते संध्याकाळी द्यावे. त्यामुळे कोंबड्या वेळेवर घरी परतण्याची सवय लागते.

कण्या व पेज एवढ्यावर अंडी वाढत नाहीत, कारण त्यांत प्रथिने कमी असतात. दहा किलो मिश्रणासाठी कण्या, भरडलेली नाचणी किंवा मका पाच किलो, भाताचा कोंडा अडीच किलो, नारळाची पेंड एक किलो, सोयाबीनची पेंड पाऊण किलो, सुक्या मासळीची पूड अर्धा किलो आणि क्षारमिश्रण पाव किलो असे प्रमाण ठेवता येईल. नारळाच्या पेंडीत तंतू अधिक असल्याने तिचे प्रमाण याहून वाढवू नये.

मासळीच्या बाबतीत एक दक्षता अवश्य घ्यावी. खारवलेली मासळी कोंबड्यांना, विशेषतः पिलांना, घातक ठरते. खाद्यात मीठ जास्त झाले तर पिले तहानेने व्याकूळ होऊन मरतात आणि दोष रोगाला दिला जातो. म्हणून मीठ न लावता वाळविलेली मासळीच वापरावी, किंवा ताज्या मासळीची डोकी व काटे उकडून द्यावेत. विक्रीपूर्वी दोन आठवडे मासळी बंद ठेवल्यास मांसाला वास राहत नाही.

अंड्याचे कवच चुन्याचे असते. तो चुना किनाऱ्यावर फुकट मिळतो. तिसऱ्या, कालवे आणि खुबे यांची टरफले धुऊन, वाळवून तांदळाच्या दाण्याएवढी कुटावीत व वेगळ्या करवंटीत ठेवावीत. अंड्यावरची कोंबडी गरजेप्रमाणे ती टिपते. पिलांना मात्र ती देऊ नयेत.

पावसाळ्यात खाद्याला बुरशी धरते. ढेप झालेले, कुबट वासाचे खाद्य ‘जनावरांना चालेल’ म्हणून कोंबड्यांपुढे टाकू नये. बुरशीतील अफलाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करते. कोंडाही लवकर खवट होतो. तो भातगिरणीतून थोडा थोडा ताजा आणावा.

सुधारित जातींविषयी

हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन केंद्राने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया आणि बंगळूर येथील कृषी विद्यापीठाने विकसित केलेली गिरिराजा या जाती परसातील पालनासाठी उपयुक्त ठरल्या आहेत. चांगल्या संगोपनात त्या वर्षाला शंभरांहून अधिक अंडी देतात. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या कोंबड्या सहसा रवणीवर बसत नाहीत, तसेच त्यांच्या अंड्यांतून निघालेल्या पुढील पिढीत मूळचे गुण पूर्णपणे उतरत नाहीत. म्हणून पिले प्रत्येक वेळी खात्रीच्या केंद्रातून आणावीत आणि घरच्या देशी कोंबड्याही राखाव्यात. जात बदलण्यापूर्वी लसीची व्यवस्था व्हावी. ज्या वाडीत मानमोडी दरवर्षी फिरते, तेथे महागडी पिले वाटणे म्हणजे नुकसान वाढविणे होय.

शेळीचाही तोच न्याय

अंगणातील दुसरे लहान जनावर म्हणजे शेळी. काळ्या अंगाची, तोंडाच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असलेली कोकण कन्याळ ही शेळी याच जिल्ह्याची असून कुडाळ तालुक्यातील निळेली येथे कोकण कृषी विद्यापीठाने तिच्या संवर्धनाचे काम केले आहे. कोकणचा पाऊस तिला सोसतो. परंतु तिचा गोठाही कोरडा आणि फळ्यांच्या उंच माचाचा असावा. फणसाचा पाला ती आवडीने खाते. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस, वेळापत्रकानुसार पीपीआरची लस आणि पावसाळ्याच्या आगेमागे जंतनाशक औषध, एवढे झाले तर करडांची मर पुष्कळ कमी होते. या लसींच्या कुप्याही अनेक मात्रांच्या असतात. म्हणजे येथेही वाडीने एकत्र येणे आलेच.

पंचायत आणि शाळा

या कामासाठी नवी इमारत, नवे पद किंवा मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीने वर्षातील तीन किंवा चार दिवस निश्चित करून ते ग्रामसभेत जाहीर करावेत व पशुवैद्यकीय दवाखान्याला एक महिना आधी कळवावे. महिला बचत गटातील एका सदस्येने आपल्या वाडीची यादी ठेवावी. अनेक गावांत पशुसखी हे काम करतात. त्यांना लस देण्याची रीत दवाखान्यातून शिकून घेता येईल. मालवण तालुक्यातील किर्लोस येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्लाही उपलब्ध आहे.

शिक्षकांचा वाटा याहून कमी नाही. कोणाच्या घरी किती कोंबड्या आहेत, कितींना पिले झाली, हे मुलांना नेमके ठाऊक असते. ही मोजणी गणिताच्या तासाला करून घेतली, तर शंभराला भागण्याचे उदाहरण आपोआप तयार होईल आणि वाडीला किती कुप्या लागतील, हे मुलेच सांगतील. लसीकरणाच्या आदल्या दिवशी शाळेतून सुटलेली मुले जो निरोप घरोघर पोचवतील, तो कोणत्याही फलकापेक्षा लवकर पोचेल.

रोगाची मर येऊन गेलेल्या घरात सकाळी खुराड्याची फळी सरकवावयाची राहत नाही. त्या गृहिणीची पुंजी कोणत्याही बँकेत नव्हती, तिचा विमा नव्हता आणि तिची भरपाई मागावयास ती कोठे जात नाही. ती पुन्हा एखादी तलंग मागून आणते व पहिल्यापासून सुरुवात करते. तिची ही चिकाटी आदरास पात्र आहे. परंतु दर दोन-तीन वर्षांनी तिची परीक्षा पाहण्याचे काही कारण नाही. शंभर मात्रांची एक कुपी, थर्मासभर बर्फ आणि पहाटेचे दोन तास एवढ्यानेच हे टळू शकते. त्यासाठी आठ-दहा घरांनी एका दिवशी आपली खुराडी बंद ठेवावयाची आहेत. तो दिवस ठरविण्याचे काम गावच्या पंचायतीने व शाळेने अंगावर घ्यावे.